बटनाची टायरं

चिखलाला नावं ठेवायची असतील तर माझ्यापुढं ठेवू नका. आमच्या वाडीपासून वाटूरच्या सडकेपर्यंत जी काळी माती हाय ना, ती एकदा भिजली की धट्ट्याकट्ट्या बैलाला गुडघ्यावर बसवती. मंग माहेरी आलेली लेक दसऱ्यापर्यंत घरात. जावई येऊ शकत न्हाई, ती जाऊ शकत न्हाई, अन् कुणाला बोलायला तोंड न्हाई. माझ्या लेकीचा, बेबीनंदाचा, लग्नानंतरचा पहिला पावसाळा असाच गेला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून आम्ही पंचमी सोडली. वारुळाला जाणं सोडलं. पण पंचमीला लेक आणायची, ते न्हाई सोडलं. आमच्या मालकांनी, अप्पारावांनी, एकदा विचारलं, "सणच न्हाई तर लेक कशापायी आणायची?"

मी म्हणले, "वर्षावास हाय. भगवंतानं सांगितलंय, पावसाळ्यात एका जागी ऱ्हावं, हिंडू नये."

"ते भिक्खूंना सांगितलं, चांगुणा."

"मंग माझ्या लेकीनं काय घोडं मारलं?"

दुसऱ्या दिवशी तेच लेकीला आणायला गेले.

तर बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून फोडून आमचे हात सोलले, पण रस्ता काही वाडीपर्यंत आला न्हाई. दुष्काळ सरला, गावात म्हशी आल्या, अन् वाटूरला डेअरीचा ट्रक थांबू लागला. पावसाळ्यात आमचं दूध तिथं पोचेपर्यंत नासून जायचं. माझ्या लेकाच्या, देवानंदाच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणला, चिखलातून चालंल अशी गाडी आणतो.

झालं! विहारापुढं रोज पंचायत. कुणी म्हणलं ट्रॅक्टर आण. देवा म्हणला, ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं वाटूरला दूध न्हाई, लोणी पोचंल. कुणी म्हणलं फटफटी. तर फटफटीवर कॅन बसत न्हाईत. शेवटी लिलावातली मिल्ट्रीची जुनी जीप आणली, चारी चाकं ओढणारी. आवाज असा की कोंबड्यांनी अंडी द्यायचं थांबवलं. टायरं मात्र टकलासारखी गुळगुळीत. माझ्या जिवात जीव आला. म्हणलं, ही काही चिखलातून जात न्हाई.

पण देवाला पण ते कळलं. मिरगाच्या आधी टायरं घ्यायला ते दोघं बापलेक जालन्याला निघाले. चिखल व्हायच्या आधी, पंचमीसाठी म्हणून बेबी त्याच दिवशी सासरहून, अंबडहून यायची होती, म्हणून मी पण जीपमध्ये चढले. तिला स्टँडवरून घेतलं अन् तशीच शांतिलाल शेठच्या दुकानात नेली.

शेठनं दोन तऱ्हेची टायरं काढली. एक साधी, सडकेवर चालायची. दुसरी बटनाची. वर उठलेली रबराची बटनं अशी मोठी की एकेकावर कांदा ठेवावा. देवा बटनाच्या टायरावर हात फिरवू लागला. म्हशीवरून पण इतक्या मायेनं फिरवत न्हाई.

मी पुढं झाले. म्हणलं, आता गप बसून चालायचं न्हाई.

"ही नको," मी म्हणले. "खाचाखाचात माती भरती. खालून नक्षी असलेली चप्पल बघा, मणभर चिखल धरती. गुळगुळीत चप्पल झटकली की मोकळी."

मालक म्हणले, "बराबर हाय." शेठ म्हणला, "मावशी की बात में दम है." देवानं पण हात मागं घेतला. मला माझंच कवतिक वाटलं. अशी वकिली अंबडच्या कोर्टात पण कुणी केली नसंल.

बेबी तवर एका टायरावर बसली होती. एष्टीतून उतरल्यापासून भूक लागली म्हणत होती. ती उठली, बटनाच्या खाचेत बोट घातलं अन् म्हणली, "आई, म्हशीच्या खुराला मधी फट असती. म्हणून ती चिखलातून निघती. घोड्याच्या खुराला न्हाई, तो फसतो."

"तुला काय करायचं गं?" मी म्हणले.

"दसऱ्यापर्यंत अडकून पडायचं न्हाई, आई," ती म्हणली अन् लाजली.

शेठनं साधी टायरं आत ठेवून दिली. देवानं बटनाची घेतली. आल्या आल्या पोरगी जायचं बघून राह्यली! अन् लाजती, म्हणजे भांडण न्हाई, तंटा न्हाई, तिला नवरा, तो संपत, आवडतो. जावयात खोट असती तर मी काही बोलले असते. आता काय बोलायचं, कपाळ?

पाऊस लागला. जीप बटनं रोवत निघायची अन् वाटूरला जाऊन परत यायची. गाव देवाचं कवतिक करून थकंना. अर्धा श्रावण झाला न्हाई तर ट्रकवाल्यानं निरोप आणला, जावई विचारून राह्यले, कधी येता. बेबीची पिशवी भरलेलीच होती. पंचमीला भरली होती की आल्यापासून सोडलीच नव्हती, मी विचारलं न्हाई.

दूध सकाळीच गेल्तं. दुपारी मोकळ्या जीपमध्ये बेबी मागं बसली, मालक पुढं देवाच्या शेजारी. मी वाटेवरच्या नाल्यापर्यंत पायी आले, डोळाभर बघावं म्हणून. नाल्यात जीप बसली. मागची चाकं नुसती फिरायला लागली, ढकलायला उतरलेल्या मालकांचं धोतर पण रंगलं.

देवा खाली उतरला, वाकून बघितलं. म्हणला, "रोज जाताना-येताना मागं कॅनचं वजन असतंय. आज मागं हलकी पडली. आई, तू मागं चढ."

मी उभी राह्यले. गुडघे दुखतात म्हणलं असतं तर कुणाची काय बिशाद होती? खरंच दुखतात. जीप तिथंच बसली असती, पोरगी घरी आली असती, दसऱ्यापर्यंत. बेबी सरकली अन् माझ्यासाठी जागा केली.

चढले. दोघी मागं बसलो, तिनं माझा हात धरला. चाकांनी माती धरली अन् जीप नाल्यातून वर आली. देवा म्हणला, "बघ, कशी निघाली!" मी म्हणले, "बघून राह्यले."

वाटूरला एष्टी वेळेवर आली. नेहमी कधी येत न्हाई, मेली. बेबी खिडकीतून हात हलवत गेली. मालक म्हणले टायरं चांगली निघाली. मी जीपच्या मागं चढून बसले.

परतताना त्याच नाल्यात जीप पुन्हा बसली. मी मागंच होते, तरी बसली. देवानं वाकून बघितलं अन् म्हणला, "बेबीएवढं वजन कमी पडलं."

मंग माझ्यानं राहवलं न्हाई. खाली उतरले, नाल्याच्या काठावर फतकल मारली अन् मोठ्यानं रडले. मालक पदर आवर म्हणले. देवा जवळ आला. म्हणला, "आई, रडायचंच हाय तर मागं बसून रड. मी बाबांना पण मागं बसवतो."

मी चढले. मालक माझ्या शेजारी येऊन बसले, अन् त्यांनी पण डोळे पुसले. जीप निघाली.