फोम तपासणारी बाई

“ह्या परत कित्याक काढतास? परवाच बसवलास मा?” मालनने विचारलं.

“गप बस गो. चायेत बिस्कीट बुडय,” पुंडलिक म्हणाला आणि स्वतःच ठोकलेली फळी पकडीने उपटू लागला.

पुंडलिक आखातात, शुवैखच्या एका गॅरेजमध्ये सुतार होता. त्याची बायको मालन सबाह अल-सालेमला एका घरी स्वयंपाकाला होती. नवरा-बायको एकाच देशात होते, आणि देशही असा की या टोकाहून त्या टोकाला दुपारच्या झोपेएवढ्या वेळात पोचावं. पण त्या अख्ख्या देशात दोघांना मिळून एक खोली नव्हती. तो सहा जणांच्या घोरण्यात झोपायचा, ती मॅडमच्या इस्त्रीच्या कपड्यांशेजारी. शुक्रवारी दुपारी तिला सुट्टी असे. तेव्हा दोघं बसस्टॉपवर संसार करत. बस आली तर चढायचं नाही, एवढंच पथ्य.

मग अबू फहद नावाच्या गृहस्थाने अमेरिकेहून घराएवढी गाडी आणली. हिवाळ्यात वाळवंटात मुक्कामाला जायची तिकडे हौस असते, आणि याला तंबूचा कंटाळा आला होता. गाडीत शेगडी होती, संडास होता, आणि बटण दाबलं की एका बाजूची भिंत घरघरत बाहेर सरकून चक्क एक खोली तयार व्हायची. त्या खोलीत सोफा होता. अबू फहदला त्या जागी मांडी घालून बसायला बुटकी बैठक हवी होती.

सोफा दारातून निघेना. अमेरिकनांनी आधी सोफा ठेवून भोवती गाडी बांधली असावी. पुंडलिकने तो करवतीने कापून बाहेर काढला आणि नवी बैठक आतच बसून बांधली. सुरेख झाली. फक्त मापं त्याने खोली बाहेर असताना घेतली होती. गावाकडे खोली एकदा बांधली की ती कुठे जात नाही. इथे बटण दाबल्यावर बैठक समोरच्या शेगडीवर आदळली आणि खोली अर्ध्यावर अडकून कण्हू लागली.

“अब फ्रायडे को भी काम करो,” फोरमन राजन म्हणाला. तो केरळचा.

त्या शुक्रवारी मालन बसस्टॉपऐवजी गॅरेजात आली. चार भिंती होत्या, पडदा होता, दाराला आतून कडी होती. मालनने ती तीनदा लावून-काढून बघितली.

तेव्हापासून बैठक काही जमेना. कधी खालच्या खणाचं झाकण घासे, तर कधी प्लायवुड दमट हवेने फुगे. तेही अशा देशात, जिथे थुंकी जमिनीवर पडायच्या आत वाळते. पण मुद्दाम वाकडं कापणं पुंडलिकला जड जाई. हात ऐकत नसत. आधी सरळ रेघ आखून मग ती चुकवावी लागे. राजनला सगळं कळत होतं. मालनच्या डब्यातल्या मटणभातात त्याचा वाटा असे, त्यामुळे त्याचं तोंड बहुधा भरलेलं असे.

“लोक काय म्हणतले?” मालन बिस्कीट बुडवत म्हणाली. “पुंडलिक मेस्त्रीक साधा बाकडा जमणा नाय?”

“म्हणांदेत. तुझ्यावांगडा चाय गावता मा?”

तेवढ्यात राजनने दार बडवलं. “बाबा आया! बाबा आया!” तिकडे मालकाला बाबा म्हणतात.

पुंडलिकने घाईघाईने फळी जागेवर दाबली. घाईत ती नको इतकी बरोबर बसली. मालनने वरची गादी सरळ करून दिली. कडी काढताच अबू फहद आत आला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

“ये कोन?”

“बाबा, ये फोम चेक करता,” राजन म्हणाला.

“फोम?”

“हां बाबा. लेडीज का वजन अलग. फॅमिली बैठेगा ना.”

अबू फहदने विचार केला. अमेरिकन गाडीला असा माणूस लागत असणारच.

“सिस्टर, झेन? अच्छा है?” त्याने अदबीने विचारलं.

मालनने पुंडलिककडे बघितलं.

“अच्छा नहीं? मुश्किल नहीं. एक हफ्ता और लो.” मग पुंडलिकच्या पिकल्या केसांकडे बघून त्याने राजनला हळूच, अगदी मायेने विचारलं, “ये अभी काम सीखता है?”

राजनने छताकडे पाहिलं.

“नाय म्हण गो,” पुंडलिक खाली मान घालून पुटपुटला. “आठवडो देता हा तो.”

मालनने बैठकीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. नख कुठेच अडकलं नाही.

“झेन,” ती म्हणाली. “ह्येंच्या हातचा आसा. वायट कसा आसतला?”

अबू फहदला पहिला शब्द कळला, तेवढा पुरला. सगळे खाली उतरले. त्याने बटण दाबलं, खोली घरघरत आत गेली, आणि बैठक शेगडीपासून दोन बोटांवर शहाण्यासारखी थांबली. अबू फहदने पुंडलिकचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि गाडी घेऊन गेला.

राजनला गॅरेजात कसलंसं काम आठवलं. आत जाताना त्याने शटर निम्मं ओढून घेतलं.

गॅरेजसमोर गाडीची खोली होती तिथे आता नुसतं ऊन होतं. मालन त्या उन्हात, दर शुक्रवारी बसायची त्या बाजूला, जमिनीवर बसली.

“बसा,” ती म्हणाली. “मॅडमकडे जावक येळ आसा.”

पुंडलिक खोलीची भिंत होती त्या बाजूला उभा होता. तो वळसा घालून पुढे आला, दार होतं तिथे चपला काढल्या आणि आत गेला.