रविवारचे वाढपी

मित्रांनो, मी एक जुना डाव आहे. खेळातला नव्हे, वाढायचा. भांड्यांच्या कारखान्यात मला ठोकून ठोकून आकार दिला आणि तिथून मी थेट एका मोफत भोजनगृहात आलो. गरजूंना पोटभर जेवण मिळावं म्हणून ते चालतं. स्वयंपाक मावशी करतात, त्यांची धाकटी जाऊ भांडी घासते आणि वाढायला यायचं ते स्वयंसेवकांनी.

हे स्वयंसेवक मला मुळीच आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आठवडाभर एकही फिरकत नाही. मावशी एका हाताने पातेलं सावरतात आणि दुसऱ्याने मला चालवतात. रविवार उजाडला की मात्र ही झुंड येते. कोरे ॲप्रन, हातमोजे, डोक्याला जाळीच्या टोप्या. थाट असा, की जणू कोणाचं पोट फाडायचं आहे. जेवणाऱ्यांपेक्षा वाढणारेच जास्त, त्यामुळे मी कोणाच्या हातात असावा यावरून रुसवेफुगवे.

त्यावर त्यांच्या प्रमुख बाईंनी नियम काढला. प्रत्येकाने एकच डाव वाढायचा, मला पुढच्याच्या हाती द्यायचं आणि पुन्हा मागे जाऊन उभं राहायचं. म्हणजे सगळ्यांना सेवेची संधी! असल्या अकलेला काय म्हणावं? उपाशी माणसं ताटकळत राहिली, भरल्या पोटाची माणसं पाळ्या लावत राहिली आणि रस्सा निवत गेला.

त्या रविवारी रांगेत एक हमाल होता. गोदामात सुट्टीच्या दिवशीही माल उतरायचा. भोंगा वाजायच्या आत तो पोचला नाही, तर मुकादम त्याची जागा दुसऱ्याला देणार होता. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"बाई, जरा लवकर वाढता का? कामावर पोचायचंय," तो अजिजीने म्हणाला.

"दादा, शिस्त पाळा," बाई गोड हसल्या. "आता आमच्या काकूंची पाळी आहे."

"अहो, मी वाढते त्यांना!" मावशी आतून ओरडल्या.

"मावशी, तुम्ही रोजच वाढता. आज आम्हाला करू द्या की!"

काकू हातमोजा घालत होत्या. त्यांचा अंगठा काही केल्या आत शिरेना. तेवढ्यात भोंगा वाजला. हमालाने रिकामं ताट खाली ठेवलं आणि तो धावत सुटला.

"बघा, यांना अन्नाची किंमतच नाही," काकू म्हणाल्या. मला त्या हातमोज्याची किळस आली.

दुसऱ्या दिवशी हमाल भर दुपारी आला. जागा गेली होती, त्यामुळे त्याला वेळच वेळ होता. मावशींची ओढाताण पाहून त्याने हात धुतले, मला उचललं आणि तळापासून ढवळून भराभर वाढायला लागला. सगळ्यांचं झाल्यावर स्वतः जेवला. आठवडाभर मी त्याच्याच हातात होतो. इतकं सुख मला क्वचितच लाभलं.

मग पुन्हा रविवार आला. बाईंनी त्याच्या हातातून मला काढून घेतलं.

"तुम्ही बसा हो दादा, ही सेवा आमची."

त्याने ताट घेतलं आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, अशी विनवणी मी करणार नाही. ते काम धाकटी जाऊ चोख करते. तुम्हाला मनापासून वाढायचं असेल, तर जरूर या. पण मंगळवारी या.