जाग न आलेल्या पेशी

सकाळपासून ती प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली होती. समोर फळमाशीच्या अळीचा मेंदू, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक. अळी अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्यातल्या बहुतेक मूळपेशी गाढ झोपलेल्या असतात. अळी खायला लागली की दिवसभरात त्या फुगतात, विभागायला लागतात आणि पुढचा मेंदू घडवतात. या अळ्यांना खायला घालून पुरता दिवस उलटला होता, तरी पेशी बारीकच. दुसरी अळी, पाचवी, दहावी. सगळीकडे सामसूम.

दोन वर्षं खपून तिने एक जनुक बंद असलेल्या माशा तयार केल्या होत्या. गेल्या दोन महिन्यांत मोजून दाखवलं होतं की, मेंदूतल्या आधारपेशींमधला हा जनुक बंद केला की शेजारच्या मूळपेशी जाग्याच होत नाहीत. त्यावरचा लेख प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आज चार वाजता नियतकालिकाकडे पाठवणार होत्या. आजची तपासणी केवळ खातरजमेची. पण या अळ्यांचा जनुक तर शाबूत होता! त्यांच्याही पेशी झोपलेल्या असतील, तर आपण दाखवलं तरी काय?

ती उठली ती थेट तळमजल्यावर. तिथे माशांचं अन्न शिजायचं: मक्याचं पीठ, साखर, यीस्ट. शिजवणाऱ्या गृहस्थांना सगळे आचारी म्हणायचे. निवृत्तीला आलेला माणूस.

"काका, अन्नात काही बदललंय का?"

"नाही बुवा." ते पातेलं जरा जास्तच जोरात ढवळायला लागले.

"यीस्ट नीट पडतंय ना?"

आचाऱ्यांनी गॅस बंद केला. "ताई, मालच आला नव्हता. महिनाभर चिमूटभरच घालतोय. म्हटलं, माशा कुठे तक्रार करतात? आला की पूर्ववत करू."

"आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाहीत!"

"चुकलं." त्यांनी मान खाली घातली. "पण प्रत्येक ट्रेवर तारीख टाकलीय. एकही चुकवली नाही."

यीस्टमधली प्रथिनं पोटात गेली तरच त्या पेशींना उठायचा निरोप पोचतो. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली आणि वही उघडली. शाबूत जनुकाच्या अळ्या मोजल्या होत्या टंचाईच्या आधी. जनुक बंद असलेल्या, सगळ्याच्या सगळ्या, नंतर. तो फरक जनुकाचा की नुसत्या उपासमारीचा, हे आता कोण सांगणार?

तिची नेमणूक दोन महिन्यांत संपत होती. लेख गेला तर मुदत वाढणार होती. वही मिटून गप्प बसलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. साडेतीनपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग मॅडमच्या दारावर टकटक केली.

"मॅडम, लेख पाठवू नका."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, वहीतल्या तारखा स्वतः पडताळल्या. "तुला कळतंय ना, यात तुझंच नुकसान जास्त आहे?"

"कळतंय."

"मग एकाच ट्रेमधलं अन्न दोन्ही प्रकारच्या अळ्यांना घाल आणि पुन्हा मोज."

पुढचे तीन आठवडे तिला जेवण गोड लागलं नाही. नवरा रोज विचारायचा, "उठल्या का गं तुझ्या झोपाळू?" आणि ती खेकसायची. आचारी यीस्ट तिच्यासमोर तोलून घालायचे.

शेवटी आकडे आले. शाबूत जनुकाच्या अळ्यांत जवळजवळ सगळ्या पेशी जाग्या झालेल्या. बंद जनुकाच्या अळ्यांत निम्म्या उठलेल्या, निम्म्या झोपलेल्याच. म्हणजे निरोप पोचवण्यात जनुकाचं काम होतं, पण तिने छातीठोकपणे लिहिलं होतं तेवढं नाही. आणखी कुणीतरी निरोप पोचवत होतं.

"निम्मं तर निम्मं," मॅडम म्हणाल्या. "लेख नव्याने लिहू. मुदतवाढीचं मात्र मी सांगू शकत नाही."

ती टेबलापाशी परतली. मुदतवाढीचा अर्ज भरला, आणि दुसरा निरोप्या कोण असेल, याची यादी करायला बसली.