पेलागेया आत्याचा कोठा वितळत नाही

मी एक जुना बुलूस आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, याना नदीच्या काठी, आम्हा साखा लोकांच्या गावात एके काळी प्रत्येक घरामागे माझा एखादा भाऊबंद असायचाच. गोठलेल्या जमिनीत खणलेला कोठा, एवढीच माझी ओळख. वर मातीचा उंचवटा, त्यात ठेंगणं दार, आत शिडी, शिडीखाली आणखी एक दार आणि त्या दारामागे मी. खरं बोलायचं तर मी म्हणजे एक खड्डा. जिथं माती नाही तिथं मी आहे. असं असूनही माझा स्वभाव ताठ आहे.

माझा जन्म सामुदायिक शेतीच्या काळातला. इथली जमीन उन्हाळ्यात वरवर तेवढी नरम पडते. त्याखाली ती लोखंडाला हसते. म्हणून माणसं शेकोटी पेटवायची, माती मऊ झाली की पहारीनं उकरायची, पुन्हा शेकोटी पेटवायची. थंडी साठवण्यासाठी आग लावणारी माणसं मी जन्मतःच पाहिली, त्यामुळे पुढे मला कशाचंच फारसं आश्चर्य वाटलं नाही. काम पुरं झाल्यावर शेतीच्या अध्यक्षांना पदक मिळालं आणि मला घोड्याचं मांस. मी तक्रार केली नाही. पदक गोठवून ठेवावं लागत नाही, त्यात काय राम?

मग माझे वैभवाचे दिवस आले. माझ्या पोटात शिंगराचं मांस होतं, लाकडासारखे ताठ मासे होते, सायीच्या गोठलेल्या वड्या होत्या. हिवाळ्याच्या तोंडाशी तळ्यातून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या माझ्यात रचल्या जात आणि वर्षभर गाव त्याच बर्फाचा चहा पीत असे. उन्हाळ्यात मला उघडायची एक शिस्त होती. आत जायचं, हवं ते घ्यायचं, बाहेर यायचं, दार लावायचं. विचार करायचा असेल तर तो बाहेर उभं राहून करायचा.

पुढे विजेच्या शीतपेट्या आल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, घरात बसून गुरगुरणाऱ्या. ज्या मुलखात हिवाळ्यात थुंकी खाली पडेपर्यंत गोठते, तिथं लोक थंडी विकत घेऊ लागले. माझे भाऊबंद एकेक करून बुजले. कुणाच्या पोटात पाणी शिरलं, कुणाचं छत बसलं. उन्हाळेही पूर्वीसारखे राहिले नव्हते. वरची ऊब दरवर्षी जरा जरा खाली उतरत होती. शेजारचा अफानासी तर माझ्या मालकिणीला येता-जाता म्हणायचा, “पेलागेया आत्या, बुजवून टाक हा खड्डा. एक दिवस तू आत पडशील आणि पुढच्या युगातले लोक तुला संग्रहालयात ठेवतील.”

“ठेवू देत,” आत्या म्हणायची. “तुला तर तिथं झाडू मारायलाही घेणार नाहीत.”

आत्याची भाची कुन्नेय. शहरात राहून जुन्या काळच्या प्राण्यांवर संशोधन करणारी. नदीचा काठ ढासळला की त्यातून हाडं, दात, शिंगं डोकावतात. ती बघायला कुन्नेय दर उन्हाळ्यात गावी यायची. गाव म्हणायचं, पोरगी इतकी शिकली आणि शेवटी कुत्र्याचं काम करायला लागली.

त्या वर्षी तिला काठात घोड्याचा एक आख्खा पाय सापडला. खूर, कातडी, तांबूस केस, सगळं जागच्या जागी. आमच्या मुलखात घोडे निम्मं वर्ष बर्फाखालचं गवत उकरून खातात आणि अस्वलासारखे केसाळ होतात. हे आमचे घोडे त्या प्राचीन घोड्यांचेच वंशज की दुसरे कुणी, हे कुन्नेयला त्या पायावरून कळणार होतं. संग्रहालयाची बोट शीतपेटी घेऊन महिनाअखेरीला येणार होती. तोवर पाय वितळला तर सगळं संपलं. गावची वीज मनाला येईल तेव्हा जायची. म्हणून तिनं पाय गोणपाटात गुंडाळून माझ्यात ठेवला आणि पुन्हा नदीवर गेली.

मित्रांनो, तिनं आत्याला सांगितलं नाही. आमच्याकडे नात्यातल्या माणसाच्या कोठ्यात काही ठेवलं की ते घरचं झालं. त्यात विचारायचं काय आणि सांगायचं काय? आत्यानंही हाच नियम पाळला. उन्हाळ्याच्या सणाला पाहुणे यायचे होते. ती खाली उतरली, गोणपाट उघडलं आणि म्हणाली, “बघा, पोरीला अक्कल आली. पाहुण्यांसाठी पाय आणला.”

मी ओरडलो. पण मी खड्डा आहे. माझं ओरडणं म्हणजे शांतता.

कुन्नेय परतली तेव्हा आत्या अंगणातल्या चुलीपाशी बसून, केस जाळायच्या पेट्रोलच्या बत्तीनं पाय भाजत होती. खुराचा रस्सा करायचा तर आधी केस जाळावे लागतात.

“आत्या! हे काय करतेस?”

“दिसत नाही? भाजतेय. कुठल्या म्हाताऱ्या घोड्याचा आणलास गं? वास बघ कसा येतोय.”

“चाळीस हजार वर्षांचा आहे तो!”

आत्यानं बत्ती बंद केली. पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, “मग नुसतं भाजून भागायचं नाही. उकळावा लागेल.”

“आत्या!”

“ओरडू नकोस. माझ्या कोठ्यात ठेवलंस म्हणजे खायचं. न खायचं असेल तर खिशात ठेवायचं.”

एका बाजूचे केस जळून गेले होते, कातडी काळवंडली होती. पण आतलं हाड अजून गोठलेलंच होतं. कुन्नेयनं तो पाय लेकरासारखा उचलला आणि धावत माझ्याकडे आणला. मग माझ्या उंचवट्यावर बसून तिनं शहरात फोन लावला. पलीकडे संग्रहालयाचे गव्रीलयेव साहेब.

“भाजला?” साहेब म्हणाले. “कुणी?”

“माझ्या आत्यानं.”

“कुन्नेय, भाजलेल्या पायासाठी मी बोट पाठवू शकत नाही. वर विचारतील. टाकून दे तो.”

“हाड चांगलं आहे. टाकणार नाही. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरून ट्रक येतात, तेव्हा पाठवते.”

“तोवर टिकेल कुठं? त्या खड्ड्यात?”

“हो. त्या खड्ड्यात.”

मित्रांनो, माझी एवढी बाजू आजवर कुणी घेतली नव्हती. मला भरून आलं असतं, पण आमच्यात भरून येणं म्हणजे पाणी होणं, आणि तेच तर टाळायचं होतं.

आत्यानं माफी मागितली नाही. ती तिची रीत नव्हे. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यातलं सगळं मांस आणि मासे वर काढले, शेजाऱ्यांच्या शीतपेट्यांत कोंबले, पायाभोवती बर्फाच्या लाद्या रचल्या, दोन्ही दारांच्या फटींत सुकं गवत ठासलं आणि जाहीर केलं, “नदी गोठेपर्यंत हे दार उघडायचं नाही. मीही उघडणार नाही.”

“आणि चहा कशाचा करशील?” अफानासीनं विचारलं.

“नदीच्या पाण्याचा.”

हे तुम्हाला किरकोळ वाटेल. पण आत्या आयुष्यात नदीच्या पाण्याचा चहा प्यायली नव्हती. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, “गाळ चांगला आहे. यात चहा कुणी घातला?” तरी रोज प्यायली. कुन्नेय समोर बसून तोच चहा प्यायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण कपाला कप लावून बसत होत्या.

तो उन्हाळा माझ्या जिवावर उठला होता. जंगलं पेटली. धुरानं सूर्य तांबड्या बटाट्यासारखा दिसत होता. ऊब माझ्या छतातून थेंब थेंब खाली उतरली, एक खांब कडाडला, कोपऱ्यात ओल आली. गावातली वीज जाऊन मेलेली शीतपेटी अफानासीनं अंगणात आणून उलटी केली. विजेवरची थंडी ती. वीज गेली की माहेरी जाते. मला माहेर नाही. मी सूर्याला सांगितलं, तू कितीही मोठा असशील, पण तुला खाली उतरायला शिडी लागेल. ओल पहिल्या लादीपर्यंत आली. मी ती तिथं गोठवली. पुन्हा आली, पुन्हा गोठवली. खड्ड्याला दुसरं काय काम असतं?

नदी गोठली, ट्रक आला, दार उघडलं. कुन्नेय खाली उतरली आणि तिनं पायावर बोटानं टकटक केलं. पहारीवर मारावं तसा आवाज आला. ती तिथंच शिडीवर बसून रडली. आत्या वरून ओरडली, “रडायचं असेल तर बाहेर येऊन रड! आत ऊब करू नकोस!”

वसंतात फोन आला. आत्या माझ्या उंचवट्यावर बसली होती.

“आत्या, हाडातून सगळं मिळालं. तो आपल्या घोड्यांचा पूर्वज नव्हे. त्याचा वंश संपला. आपले घोडे फार नंतर माणसांबरोबर दक्षिणेकडून आले आणि इथंच केसाळ झाले.”

“म्हणजे आले तेव्हा कुडकुडत होते?”

“हो.”

“पण परत गेले नाहीत?”

“नाही गेले.”

“मग आपलेच,” आत्या म्हणाली. “आणि तुझे साहेब?”

“साहेब विचारतायत, यंदा काही सापडलं तर कोठ्यात जागा द्याल का?”

“देईन म्हणावं. पण काय खायचं नाही ते आधी सांगत जा.”

मित्रांनो, ज्याला तुम्ही खड्डा म्हणता, त्यात कुणाचा तरी इतिहास गोठून पडलेला असतो. तो बुजवण्याआधी आत डोकावा, आणि डोकावून झालं की फार रेंगाळू नका. ऊब दरवर्षी आणखी खाली उतरते आहे, हे मला ठाऊक आहे. आत्यालाही ठाऊक आहे. म्हणून यंदाच्या कडाक्याच्या थंडीत ती पहार घेऊन अफानासीच्या दारात गेली आणि त्याला ओढत इथं घेऊन आली. तो कुरकुरतो आहे, शिव्या देतो आहे आणि माझा तळ खणतो आहे. सूर्य वरून येतो आहे, येऊ दे. आम्ही खाली निघालो आहोत.