तोच धडा

"'अ मिल्क' म्हणत नाहीत हो, ताई! दूध ओततात. मोजायचा तो पेला. परवाच तर बरोबर सांगितलं होतंत."

"डोक्यात राहतच नाही बघा, सर," ताई म्हणाल्या.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. घरोघरी जाऊन इंग्रजी शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. मुलं पाठीमागे त्यांना 'खडूस' म्हणायची, आणि त्यात मुलांचं काही चुकत नव्हतं. अर्धवट उत्तर त्यांना खपायचं नाही, आणि पूर्ण बरोबर उत्तराला शाबासकी द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. या घरातली मुलगी मात्र त्यांना मुळीच भीत नसे. "सर, तुमचा राग काउंटेबल की अनकाउंटेबल?" असं तिने एकदा तोंडावर विचारलं होतं. सर इतके हसले की आतून तिची आई, म्हणजे या ताई, बघायला आल्या होत्या.

त्याच आठवड्यात ती तापाने फणफणली. दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही.

सगळं आटोपून माणसं आपापल्या घरी गेल्यावर एका संध्याकाळी ताईंचा फोन आला. "सर, पाच वाजून गेले. येताय ना?" बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, या धास्तीने सर धावतपळत आले. ताई मुलीच्या खुर्चीवर पुस्तक उघडून बसल्या होत्या. "मला शिकवा. माझं इंग्रजी फार कच्चं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. नाही म्हणायला सरांची जीभ रेटेना.

तेव्हापासून हा एकच धडा चालला होता. खुर्च्या मोजता येतात, साखर मोजता येत नाही. एवढीशी गोष्ट, पण ताईंची गाडी काही केल्या पुढे सरकत नव्हती. आज बरोबर सांगितलेलं उद्या हटकून चुकायचं.

त्या दिवशी सर वैतागून निघाले, तर जिन्यात मुलीचे वडील भेटले. कामावरून येत होते.

"ताईंना जरा सराव करायला सांगा," सर म्हणाले. "तेच तेच चुकतंय."

वडील कठड्याला टेकले. "ती चुकत नाही हो, सर. पोळ्या लाटताना मला सगळा धडा घडाघडा म्हणून दाखवते."

"मग माझ्यासमोर काय होतं?"

"पोरीच्या पेन्सिलच्या खुणा त्या धड्यापर्यंतच आहेत. पुढचं पान कोरं आहे. ते उलटलं की..." त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी काही म्हणत नाही तिला. तुम्हाला मात्र उगाच त्रास."

सर घरी जाऊन ताटावर बसले. जन्मभर ते मुलांना दामटून पुढच्या धड्यावर नेत आले होते. कुणासाठी थांबायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. ती पोर काही त्यांच्या नात्यातली नव्हती. तरी ताट तसंच सारून ते हुंदके देऊन रडले.

दुसऱ्या दिवशी ताईंचे डोळे सुजलेले होते. सर एकेक शब्द विचारत गेले आणि त्या उत्तरं देत गेल्या. लक्ष भलतीकडेच होतं. चमचा, पाणी, उशी, वाळू, मीठ. सगळं बरोबर. चुकायचं आहे हेच त्या विसरून गेल्या होत्या.

शेवटचं उत्तर तोंडातून निघून गेलं आणि मग ते त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हातांनी त्यांनी पान दाबून धरलं.

"संपला का हो धडा?" त्यांनी विचारलं. आवाज जेमतेम ऐकू येत होता.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"संपतोय कसला!" ते खेकसले. "मीठ चुकलं तुमचं. साफ चुकलं. असं अर्धवट मला चालायचं नाही. उद्या पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हो, चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "उद्या नक्की या हं, सर."