घरबसल्या इंग्रजीची परीक्षा

मुलांची सोय व्हावी म्हणून यंदापासून इंग्रजीची परीक्षा ऑनलाइन, घरबसल्या, असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेने कळवलं होतं. घरबसल्या! घर कसलं, केवढं, त्यात माणसं किती, हे विचारायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर शेळी कुठल्या गल्लीत उभी आहे ते बघायचं काय कारण?

पण मायाला ही बातमी गोड लागली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. काळाचौकीच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत तिचा संसार. नवरा गोदीत ड्युटीला, मुलगी संघमित्रा परळच्या मराठी शाळेत दहावीला. ही परीक्षा दरवर्षी दादरच्या एका हॉलमध्ये व्हायची. वाचन, लेखन आणि शेवटी बोलणं. जो वर यायचा त्याला अकरावी-बारावीची शिष्यवृत्ती, चांगलं कॉलेज आणि वसतिगृहात राहायला खोली. संघमित्राला त्या खोलीनेच वेड लावलं होतं. कॉलेजचं नाव तिच्या तोंडी फारसं नसायचं, पण "आई, तिकडे टेबल असतं गं, प्रत्येकीला आपलं आपलं," हे रोजचं. टेबलाचं एवढं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. ज्याने कॉटखाली बसून, मांडीवर वही ठेवून दहावी काढली नाही त्याने खुशाल म्हणावं.

शाळेतल्या कॉम्प्युटरना कॅमेरे नव्हते. म्हणून इंग्रजीच्या मृणालिनीबाईंनी मायालाही शाळेत बोलावून आपला लॅपटॉप देऊ केला आणि वर म्हणाल्या, "संघमित्रा, तू माझ्याकडेच ये दादरला. आतली खोली रिकामीच असते. दार लावून घे, कुणी येणार नाही."

"नको बाई," माया पटकन म्हणाली. "आमच्याकडे होईल सगळं. चाळीतली माणसं चांगली आहेत आमची."

संघमित्रा आईकडे बघतच राहिली. बाईंनी एकदा विचारून पाहिलं, दोनदा विचारून पाहिलं, मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण नीट ऐका. कॅमेरा सारखा चालू असणार. खोलीत ही एकटीच हवी. दुसरं माणूस नको, आवाज नको. लक्ष ठेवायला माणूस नाही, मशीन आहे. माणसाला समजावता येतं, मशीनला नाही."

माया मान हलवत होती. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. समोरच्या खोलीतली प्रिती, जिचा राजस इंग्लिश मीडियमला होता, ती मागे एकदा नळावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मराठी मीडियमच्या पोरांना वाचता येतं गं इंग्लिश, नाही असं नाही. पण बोलायची वेळ आली की त-त-प-प." सगळ्या बायका हसल्या होत्या. मायाही हसली होती, आणि घरी येऊन भांडी आपटली होती. परीक्षा दादरला झाली असती तर प्रितीला काय कळणार होतं? चार भिंतींत मोर नाचला, कुणी पाहिला! नाही, परीक्षा इथेच व्हायला हवी होती.

मग माया सगळ्यांच्या खोल्यांमधून फिरली. चाळीचं मंडळ चालवणाऱ्या बाबुरावांना सांगितलं की रविवारी सकाळी खाली कॅरम नको. ते म्हणाले, "कॅरम काय घेऊन बसलीस? पोरांना ढोलाला हात लावू देणार नाही. आपल्या चाळीची पोरगी आहे." शेजारच्या जाईबाई मालवणच्या. संघमित्रा अर्धीअधिक त्यांच्याच मांडीवर वाढलेली. त्यांनी तर आपला मिक्सरच उचलून फळीवर ठेवून दिला. "वाटप आदल्या दिसाक करून ठेवतंय," म्हणाल्या. प्रितीसुद्धा म्हणाली, "राजसला आजीकडे पाठवते गं. ऑल द बेस्ट सांग तिला." माणसं चांगलीच होती. त्यात काही खोट नव्हतं, आणि तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

रविवारी सकाळी संघमित्राने बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, केस घट्ट बांधले आणि बसली. लॅपटॉपची वायर पोचेल असा प्लग ओट्याशेजारीच, त्यामुळे तिची पाठ गॅलरीच्या खिडकीकडे आली. खिडकीला मायाने जाड पडदा लावला. लॅपटॉप गोल फिरवून कॅमेऱ्याला खोली दाखवली आणि माया बाहेर आली. दार लागलं. भरदिवसा त्या मजल्यावर दार लागणं म्हणजे आत भांडण तरी असतं, नाहीतर कुणी गेलेलं तरी. आज दोन्ही नव्हतं, तरी माणसं पाय न वाजवता जात होती.

माया गॅलरीत स्टूल टाकून बसली. पेपरवाला आला, तिने तोंडावर बोट ठेवून त्याला परत पाठवला. एक मांजर कठड्यावरून ओरडायला लागलं तर बाबुराव धोतर सावरत त्याच्या मागे धावले. अख्खी चाळ गपगार. लालबागच्या पुलावरच्या गाड्यांचा आवाज इथवर ऐकू येतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं सगळ्यांना.

वाचन झालं, लिहिणं झालं. मग आतून संघमित्राचा आवाज आला.

बोलायला तिला मशीनने विषय दिला होता: तुमच्या घराजवळ राहणारी माणसं. माया दहावीपर्यंत शिकलेली, तिला सगळं कळत नव्हतं, पण बरंच कळत होतं. पोरगी कुठेही अडखळत नव्हती. नळ, गॅलरी, सण, कुणी आजारी पडलं की कुणाच्या घरून पेज येते, सगळं सांगत होती. आणि मग ती म्हणाली, "जाईआजी." इंग्रजीच्या मधोमध जाईआजी! आपण लहान असताना आई कामाला जायची तेव्हा ही आजी आपल्याला गोष्टी सांगायची, असं काहीतरी ती सांगत होती. मायाचे डोळे भरून आले. अगं बाई, हे सगळं हिला कधी येऊ लागलं!

नेमकी तेव्हाच प्रिती वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आली. तीही थबकली. कानावर येणारं इंग्रजी ऐकून तिच्या भुवया वर गेल्या, त्या मायाने पाहिल्या. याच क्षणासाठी तर तिने दादर नाकारलं होतं. तिने प्रितीला हाताने खूण केली, ये. मग जाईबाईंच्या दारावर बोटाने हळूच वाजवलं आणि कानात म्हणाली, "तुमचं नाव घेतेय ती. इंग्रजीत."

"माजा नाव?" जाईबाई तशाच उठल्या. "आमी काय्येक बोलूचंव नाय हा, नुसता बघतलंव."

बाबुराव आले, त्यांच्या मागून त्यांची सून, मग कोपऱ्यातल्या खोलीतली मीराबाई आणि तिचा नवरा. कुणी खोकलंसुद्धा नाही. खोलीत कुणी नको असं बाईंनी सांगितलं होतं, आणि खोलीत कुणी नव्हतंच. माणसं आपल्या गॅलरीत उभी होती. गॅलरीतून डोकावणं म्हणजे घरात शिरणं, असं त्या चाळीत आजवर कुणी मानलेलं नाही. कुणाची पोळी फुगली, कुणाचं बाळ बसायला लागलं, हे असंच तर बघायचं. मायाने एका हाताने पडद्याचं टोक धरलं आणि पडदा बाजूला सारला.

सगळ्यांनी पाहिलं. पोरीची ताठ पाठ, पुढे उजळलेली स्क्रीन, हातवारे करत चाललेलं बोलणं. जाईबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रितीच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते माया डोळे भरून बघत होती. आणि म्हणूनच लॅपटॉपच्या कोपऱ्यात, संघमित्राच्या खांद्यामागे, आपण सगळेच दिसतोय हे तिला दिसलं नाही.

संघमित्राचा आवाज मध्येच तुटला. स्क्रीन लाल झाली, वर काही अक्षरं आली, मग सगळं पांढरं. ती वळली. खिडकीत माणसंच माणसं, आणि सगळ्यांत पुढे पडदा धरून आई.

"संपली वाटतं!" बाबुराव म्हणाले, आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. इतका वेळ श्वास रोखून धरलेल्या सगळ्यांनी मग मनापासून वाजवल्या.

"चेडू काय फाडफाड बोलता गो!" जाईबाई खिडकीच्या गजातून हात घालून तिचा गाल कुरवाळत होत्या. संघमित्राने तो हात बाजूला केला नाही. आईकडे बघून ती फक्त एवढंच म्हणाली, "हो. संपली."

मृणालिनीबाईंनी संस्थेला लिहिलं, फोन केले, घर कसं आहे ते समजावून सांगितलं. पलीकडून एकच उत्तर: परीक्षेच्या वेळी इतर व्यक्ती हजर, परीक्षा रद्द, पुन्हा बसता येईल ते पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी कशाला? शिष्यवृत्ती अकरावीत शिरतानाच मिळते. बाईंनी दोघींना शाळेत बोलावून हे सांगितलं.

"मी सांगितलं होतं ना हो, माझ्याकडे पाठवा म्हणून?"

"खोलीत कुणी नव्हतं बाई," माया म्हणाली. "शपथेवर सांगते. आम्ही गॅलरीत होतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. दार लावून राहणाऱ्या माणसाला खोलीतला आणि गॅलरीतला हा फरक कुठून कळणार? शेवटी म्हणाल्या, "बोलण्याचा भाग मी ऐकला असता तर बरं झालं असतं." संघमित्रा म्हणाली, "चांगला चालला होता, बाई." तेवढंच.

परळहून दोघी चालतच निघाल्या. भारतमाता थिएटरच्या सिग्नलशी माया थांबली आणि म्हणाली, "मित्रा, माझं चुकलं गं." किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य, ते गाड्यांच्या हॉर्नमध्ये बाहेर पडलं.

"जाईआजीला काही सांगू नकोस," संघमित्रा म्हणाली. "आपल्यामुळे झालं असं कळलं तर ती जेवायची नाही. मी नापास झाले म्हणून सांगू."

"नापास? तू?"

"मग काय सांगणार? माणसं दिसली म्हणायचं, तर पडदा कुणी धरला होता तेही सांगावं लागेल."

मायाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की पुढचा सगळा रस्ता तिने पोरीकडे मान वळवून पाहिलं नाही.

गॅलरीत सगळे वाटच बघत होते. संघमित्राने चपला काढल्या आणि सरळ सांगून टाकलं, "नापास झाले. बोलण्यात."

मग प्रिती हळू आवाजात म्हणाली, "असू दे गं, मनाला लावून घेऊ नकोस. मराठी मीडियमच्या मुलांचं तिथेच अडतं." तिच्या बोलण्यात या वेळी टोमणा नव्हता, खरोखरची कीव होती, आणि ती टोमण्यापेक्षा वाईट होती.

जाईबाईंना मात्र ते पटेना. त्या उसळल्याच. "नापास कशी जायत? मी आयकलंय माज्या कानान! पान्यासारखा बोलत होता चेडू. माजा नाव घेतल्यान. त्या मशीनचाच कायतरी बिघाडला आसतला. बाबुराव, तुमी जावा नि इचारा त्येंका!"

"विचारायलाच हवं," बाबुराव म्हणाले. "मीही ऐकलंय. चाळीतर्फे अर्ज देऊ. साक्षीला आम्ही सगळे आहोत."

"तू सांग गो माया," जाईबाईंनी तिचा दंड धरला. "तू तर थयच होतंस. बरा बोलला का नाय आपला चेडू?"

सगळे मायाकडे बघू लागले. संघमित्राही बघत होती, दाराच्या चौकटीत, एक हात कडीवर ठेवून. तिने आईला काहीच खूण केली नाही.

मायाने जाईबाईंचा हात हळूच सोडवला.

"फाडफाड बोललं म्हणजे बरोबर बोललं असं नसतं, जाईमावशी," ती म्हणाली. "कच्चीच आहे ती बोलण्यात."