सापाचं अंथरूण

“हे काय सांडलंयस इथे, ओट्स?”

ऑर्विन खांद्यावरचं पोतं न उतरवताच माझ्या मुलीच्या, जूनीच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत वाकून बघत होते. पोत्यात देवदाराचा लाल, कुरळा भुसा होता. पेटीत मी आणलेला ॲस्पेनच्या लाकडाचा पांढरट भुसा होता, आणि त्यात अर्धा रुतून जूनीचा साप पडला होता. नूडल.

“ॲस्पेन आहे,” मी म्हणाले.

“विकत आणलंस? या गावात, भुसा?” ते हसले आणि हसता हसता खोकले. “सूनबाई, कुणाला सांगू नकोस. चर्चमध्ये मला तोंड दाखवता येणार नाही.”

ऑर्विन, माझे सासरे, देवदाराची कौलं कापायच्या गिरणीत आयुष्यभर करवतीवर होते. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. इथे करवतीवरच्या माणसाची दहाही बोटं शाबूत असली, तर लोक त्याला नवशिका समजतात. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांनी तिथला उरलेला भुसा आपल्या शेडमध्ये आणून रचला. कुत्र्याचं घर, कपड्यांचं कपाट, बाळाची गादी, सगळ्यात आमच्याकडे देवदारच घालतात. कीड लागत नाही, घराला वास येतो. सासूबाई गेल्यावर ऑर्विनना कुणाला काही द्यायचं म्हटलं की एवढंच उरलं होतं. दर रविवारी एक पोतं.

गाव सोडून गेलेल्या शेजाऱ्यांनी जूनीला साप दिला, तेव्हा पेटीत पहिलं अंथरूण ऑर्विननीच घातलं, देवदाराचं. मी दारात उभी राहून बघत होते. मी वाचलं होतं. वर्तमानपत्र चालतं, पण त्यात सापाला शिरता येत नाही. नारळाचा काथ्या फार ओल धरतो. ॲस्पेन उत्तम, फक्त पाणी सांडलं की आमच्या या दमट हवेत बुरशी येते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. आणि देवदार कधीच नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. ॲस्पेनची पिशवीही गाडीच्या डिकीत येऊन पडली होती. पण अलास्काहून, बोटीवरून, माझ्या नवऱ्यानं, लार्सनं फोनवर सांगितलं होतं की बाबांना त्यावरून काही बोलू नकोस, तेवढंच आहे त्यांना. साप चिवट असतो, असंही तो म्हणाला.

गुरुवारी नूडलनं मान वर करून तोंड उघडं ठेवलं. नाकाशी फेस होता. पलीकडच्या गावातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी औषध टोचलं आणि विचारलं, खाली काय घातलंय. घरी येऊन मी पेटी रिकामी केली. जूनीला आजीकडे झोपायला पाठवलं, माझ्या आईकडे, आणि तिच्या खोलीच्या खिडक्या रात्रभर उघड्या टाकल्या. तिच्या छातीला मी कान लावून बघते, हे लार्सला माहीत नाही.

आज ऑर्विनना काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. जूनीच्या शाळेतल्या बाईंनी हेच घालायला सांगितलं, असं. तेवढ्यात जूनी पेटीशी गुडघे टेकून बसली.

“आजोबा, नूडल आजारी आहे. तो तुमच्यासारखाच श्वास घेतो. ऐका ना.”

ऑर्विननी पोतं खाली ठेवलं. एक हात पलंगावर टेकून ते कसेबसे वाकले, काचेला कान लावला. आत बारीक घरघर होती, शिट्टीसारखी. बाहेर त्यांची स्वतःची.

“लाकडामुळे?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

शाळेतल्या बाईंचं नाव माझ्या जिभेवर होतं.

“हो,” मी म्हणाले. “त्याचं तेल हवेत उतरतं. कोंडलेल्या जागेत छातीत बसतं.”

हे वाक्य त्यांनी आधी ऐकलेलं होतं. सिॲटलच्या डॉक्टरनं त्यांची छाती तपासून जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. त्या दिवशी मीच त्यांना गाडीतून नेलं होतं. परतीच्या वाटेवर ते त्या डॉक्टरच्या नकला करत हसले होते. काल शाळा सुटलेलं पोर, त्याला लाकडातलं काय कळतं. ती शेड त्यांनी कधी रिकामी केली नाही. रात्री खुर्चीत बसून झोपतात, आडवं होता येत नाही, पण ते सगळं ते वयावर घालतात.

आता ते हसले नाहीत.

“आणि हिच्या गादीत मी भरलं होतं ते? ही झाली तेव्हा?”

जूनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

“ते मी तेव्हाच काढलं होतं, ऑर्विन. पहिल्याच आठवड्यात. कापूस भरला.”

त्यांनी मान हलवली. दोनदा, सावकाश.

“बरं केलंस,” ते म्हणाले.

मग त्यांनी पोतं उचललं, खोलीत एक कण सांडू न देता तोंड घट्ट मुरगाळून धरलं, आणि बाहेर नेऊन ट्रकच्या मागे टाकलं. परत आले ते स्वयंपाकघरात. भांड्यांचा साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, नखं धुतली, पुन्हा धुतले. जूनी नूडलला दोन्ही तळव्यांवर घेऊन त्यांच्यापुढे आली. तो तिच्या मनगटावर सैल लोंबत होता. त्यांनी ओले हात पाठीमागे नेले.

“नको, बाळा. पेटीत ठेव त्याला. ऊब लागते आजाऱ्याला.”

मी कॉफी ओतली तोवर ते पुढच्या ओसरीवर जाऊन पायरीवर बसले होते. पाऊस भुरभुरत होता.

“आत बसा की,” मी जाळीच्या दारातून म्हणाले.

“इथे हवा बरी आहे.”

मी दार थोडं उघडून कॉफीचा मग बाहेर दिला. त्यांनी तो हात लांब करून घेतला. जूनी आतून जाळीला नाक लावून बसली आणि शाळेतलं काहीतरी लांबलचक सांगू लागली. ते ऐकत होते. खोकला आला की तोंड रस्त्याकडे फिरवत, तो संपेपर्यंत थांबत, आणि मग पुन्हा तिच्याकडे वळत.

मी दुसऱ्यांदा आत बोलावलं नाही.